खांदेरी, सुवर्णदुर्ग की वेंगुर्ला रॉक्स: एका दिवसाचं बेट निवडताना

बेटावर जायचं ठरलं की बहुतेक जण आधी फोटो बघतात. माझं म्हणणं असं, की फोटो शेवटी बघा. आधी त्या बेटावर उतरायचं कसं, हे विचारा. धक्क्यावर पाय ठेवायचा, गुडघाभर पाण्यातून चालत जायचं, की उतरायचंच नाही, नुसती प्रदक्षिणा घालायची? दिवस कसा जाणार हे या एका उत्तरावरून निम्मं कळतं. बरोबर कोणाला न्यायचं, पंचांगातली कुठली तिथी धरायची आणि पायात काय घालायचं, हेही त्यावरूनच ठरतं.

सिंधुदुर्ग आणि जंजिरा मी या तुलनेत घेतलेले नाहीत. दोन्ही बघण्यासारखे आहेतच, पण तिथे रांग असते, गाइड असतो, होडी भरली की सुटते आणि ठरलेल्या वेळात परत आणते. इथे विचार केला आहे तो थोडं रानटी, मोकळं बेट हवं असणाऱ्यांचा, ज्यांना दिवसभर लाटांखेरीज फारसं काही ऐकू आलं नाही तरी चालेल. कोकणात अशा दिवसासाठी तीन ठिकाणं डोळ्यासमोर येतात: अलिबागजवळचं खांदेरी, हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग आणि निवती-वेंगुर्ल्याच्या समुद्रातले वेंगुर्ला रॉक्स. चौथं थोडं लांबचं, कर्नाटकातलं सेंट मेरी. ते का घेतलं, ते पुढे येईल.

खांदेरी: सगळ्यात सोपं, तरीही बेट

मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी यायचं असेल तर या यादीत खऱ्या अर्थाने 'एका दिवसाचं' बेट हे एकच. गेटवेहून मांडवा, तिथून रस्त्याने थळ, आणि थळहून होडी. गाडी बरोबर हवी असेल तर २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते. पुणेकरांना पहाटे निघावं लागेल, पण त्यांनाही जमतं.

खांदेरीला धक्का आहे. वाचताना हे किरकोळ वाटेल, पण सोबत सत्तरीची आई किंवा पाच वर्षांचं पोर असेल तर सगळा फरक इथेच पडतो. उतरल्यावर वेताळाचं देऊळ, टेकाडावर १८६७ सालचं दीपगृह, तटबंदी आणि चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा. आपल्याकडे किल्ल्यांवर तोफा पुष्कळ दिसतात, गाड्यासकट टिकलेल्या फार थोड्या. ठोकला की भांड्यासारखा वाजणारा एक मोठा दगडही आहे. मुलं तिथून हलत नाहीत.

इतिहास म्हणून तिघांत हे सगळ्यात वजनदार. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांदेखत इथे बांधकाम सुरू केलं. महाराजांच्या आरमाराचा अधिकारी मायनाक भंडारी बेटावर पाय रोवून उभा होता, आणि इंग्रजी जहाजांनी नाकेबंदी करूनही काम थांबलं नाही. इंग्रज माघारी वळत होते तेवढ्यात जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावलं आणि तेही बांधून काढलं. खांदेरीच्या तटावर उभं राहून उंदेरीकडे पाहिलं की दोघांमधलं पाणी किती चिंचोळं आहे ते दिसतं. एकमेकांच्या तोफांच्या माऱ्यात दोन शत्रूंनी वर्षानुवर्षं संसार केला म्हणायचा. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात खांदेरी आहे आणि सुवर्णदुर्गही.

मग उणं काय? रानटीपणा कमी. दीपगृह आहे, बांधलेल्या वाटा आहेत, सुट्टीच्या दिवशी देवाला आलेली मंडळी असतात. ज्याला खरोखर ओसाड बेट हवं त्याने उंदेरीची चौकशी करावी. पण उंदेरीला धक्का नाही, शेवाळलेल्या खडकांवर उतरावं लागतं, आणि समुद्र जरा हलता असला की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, नाही म्हणतो. तो नाही म्हणाला की वाद घालू नका. थळहून सुटतानाच दोन्ही बेटांचं बोलणं करून ठेवावं आणि उंदेरी जमलं तर जमलं असं धरून चालावं.

सुवर्णदुर्ग: माझं मत इथे

तिघांतलं एकच निवडायचं असेल तर मी सुवर्णदुर्ग म्हणेन. मुंबई-पुण्याहून मात्र हा एका दिवसात होत नाही. आदल्या रात्री दापोली, हर्णै किंवा मुरुडला मुक्काम हवा. हे मुरुड दापोलीचं. जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, हे सांगावं लागतं, कारण गूगलच्या नकाशावर लोक चुकीच्या मुरुडला पोचतात.

हर्णै बंदरातून होडीने पंधरा-वीस मिनिटं. किनाऱ्यावरून बेट इतकं जवळ दिसतं की पोहत जाऊ असं वाटतं. जाऊ नका, मधल्या पाण्याला ओढ असते. होडी वाळूच्या पट्ट्याजवळ टेकते आणि तुम्ही पाण्यात उतरता. घोटाभर की मांडीभर, ते त्या वेळच्या पाण्यावर. मोबाइल आणि पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पायात पट्ट्याची सँडल. चपला वाहून जातात, बूट दिवसभर ओले राहतात.

महादरवाजा गोमुखी, म्हणजे बुरुजांच्या आड दडलेला, आहे. पायरीवर कोरलेलं कासव, बाजूच्या भिंतीवर मारुती. आत शिरलात की कोकणातलं रान: झाडोरा, काटेरी झुडपं, विहिरी, पडक्या वाड्यांचे चौथरे. तटावरून फेरी मारता येते, पण कुठे दगड सुटलेला, कुठे गवतात खड्डा. जेवणाचं हॉटेल नाही, पाण्याची बाटली नाही, स्वच्छतागृह नाही. ही शेवटची गोष्ट बायकांना आधी सांगावी, होडीत बसल्यावर नव्हे.

सुवर्णदुर्गाची मजा अशी की तो किनाऱ्यावरच्या तीन किल्ल्यांसकट बघायचा असतो. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला समोरच्या काठावर आहेत. कान्होजी आंग्र्यांच्या कर्तृत्वाची सुरुवात या बेटावरून झाली, आणि १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सने तोफा डागून हा किल्ला घेतला तो कान्होजींचे चिरंजीव तुळाजी आंग्र्यांकडून, पेशव्यांशी हातमिळवणी करून. मराठी आरमाराचा कणा मराठ्यांच्याच संमतीने मोडला, ही गोष्ट त्या तटावर बसून आठवली की जास्त टोचते. परत आल्यावर संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव असतो. बेट बघून तोंड फिरवून निघून जाऊ नका, लिलाव बघून जा.

वेंगुर्ला रॉक्स: उतरायचं नाही, बघायचं

हे खऱ्या अर्थाने रानटी. खडकाळ बेटांचा पुंजका, एकावर दीपगृह, चारी बाजूंनी खुला समुद्र. निवती किंवा भोगव्याहून स्थानिक होडीवाले नेतात. हा प्रवास वरच्या दोघांसारखा किनाऱ्याच्या आडोशाचा नाही. होडी हलते, चांगलीच हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी इथे यायचं धाडस करू नये, किंवा आदल्या दिवशी डॉक्टरला विचारून गोळी घ्यावी आणि सकाळी तेलकट काही खाऊ नये.

इथलं वैभव पक्ष्यांचं. बेटावरच्या गुहांमध्ये भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. या पाकोळ्या लाळेने घरटं बांधतात आणि काळोख्या गुहेत टकटक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. याच घरट्यांची परदेशात सूपसाठी किंमत होती, म्हणून इथे चोरटी तोड होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने स्थानिक लोकांना बरोबर घेऊन ती रोखण्याचं काम केलं. त्यामुळे कुणी होडीवाला 'गुहेत नेतो' म्हणाला तर नको म्हणा. विणीच्या दिवसांत माणूस आत शिरला की अख्खी वसाहत उडते, पिल्लं पडतात. बाहेरून होडीतूनच भरपूर दिसतं. येता-जाता डॉल्फिनही दिसण्याची चांगली शक्यता. दुर्बीण नसेल तर मात्र या फेरीचा अर्धा आनंद गेला असं समजा.

पक्ष्यांची आवड नसलेल्या माणसाला हा दिवस कंटाळवाणा जाईल, हे स्पष्ट सांगतो. चार तास होडीत बसून खडक बघणं सगळ्यांना मानवत नाही.

आणि सेंट मेरी

उडुपीजवळच्या मलपे बंदरातून होडीने गाठायचं हे बेट मी रानटी म्हणणार नाही. तिकीट काढून बसायचं, पहारेकरी शिट्टी मारतात, पोहायला ठरावीक जागा. तरी यादीत घेतलं ते दगडासाठी. इथले खांबासारखे षट्कोनी दगड बघून मराठी माणूस लगेच 'आपला बेसॉल्ट' म्हणतो. तो आपला नाही. आपला दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सेंट मेरीचा खडक वेगळ्या जातीचा, आणि जवळपास नऊ कोटी वर्षांपूर्वीचा, भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून सुटत होते त्या काळातला. गोकर्ण-मुर्डेश्वरची सहल आधीच ठरलेली असेल तर अर्धा दिवस इथे द्या. यासाठीच म्हणून महाराष्ट्रातून जाऊ नका.

तिथी आणि वारा

उतरण्याची पद्धत ठरली की दिवस निवडायचा. कोकणातला जुना हिशेब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणून दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती, आणि तीही उधाणाची.

सुवर्णदुर्ग आणि उंदेरीसाठी मी सप्तमी ते नवमीच्या मधला दिवस धरतो. तेव्हा भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही, ओढ कमी असते. उधाणाच्या दिवसांत मुंबई-अलिबागकडे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत खालीवर होतं. सकाळी जिथे होडीतून उतरलात तिथे दुपारी नुसता चिखल आणि खडक असू शकतो. दक्षिणेकडे जाल तसा हा फरक कमी होतो, मलप्याला तर फारसा जाणवत नाही. खांदेरीला धक्का असल्यामुळे थोडी मोकळीक आहे, पण थळच्या काठाला ओहोटीत होडी वाळूत बसते, तेव्हा निघायची वेळ तांडेललाच ठरवू द्या. शनिवार-रविवार काही पंचांग बघून येत नाहीत, म्हणून जमल्यास मधल्या वारी रजा काढा. गर्दीही टळते.

वाऱ्याचं म्हणाल तर सकाळ चांगली, दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो आणि परतीची होडी उसळते. वेंगुर्ला रॉक्ससाठी तर उजाडताच निघावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यात शांत महिने. मार्चनंतर वारा आणि ऊन दोन्ही चढतं, आणि या बेटांवर सावली जवळपास नाहीच. जून ते ऑगस्ट विषयच नाही. मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि जिथे कोळी जात नाहीत तिथे आपण जायचं कारण नाही.

कोणाबरोबर जाताय?

आई-वडील, लहान मुलं, किंवा गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी: खांदेरी, दुसरा विचार नको. चालणाऱ्या-चढणाऱ्या मित्रांची टोळी, दोन दिवस हाताशी: सुवर्णदुर्ग, समोरच्या तिन्ही किल्ल्यांसकट. कॅमेरा आणि दुर्बीण घेऊन गप्प बसू शकणारी दोन-तीन माणसं: वेंगुर्ला रॉक्स. मिश्र मंडळी असतील तर मन मोठं करून खांदेरीच घ्या. सुवर्णदुर्गाच्या वाळूत कुणाला तरी उचलून उतरवणं पहिल्यांदा गमतीचं वाटतं, परतीच्या वेळी नाही.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं आणि बंद लावायचे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या फेरीबोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, त्यानंतर तरी 'अर्ध्या तासाचाच तर प्रवास' हे म्हणणं बंद व्हायला हवं होतं. जॅकेट नुसतं मांडीवर ठेवणारे अजून दिसतात. होडीत माणसांपेक्षा जॅकेट कमी असतील तर दुसरी होडी बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

पूर्ण होडी ठरवताना तीन गोष्टी चढण्याआधी बोलून घ्या: बेटावर किती तास थांबणार, परत न्यायला हीच होडी येणार की दुसरी, आणि पाणी उतरलं तर कुठल्या बाजूला यायचं. तांडेलचा नंबर दोघांच्या तरी फोनमध्ये असावा, कारण बेटाच्या पलीकडच्या अंगाला रेंज जाते. सगळे पैसे आधी देऊ नका. निम्मे निघताना, निम्मे किनाऱ्याला परत आल्यावर, हे बहुतेक ठिकाणी चालतं, आणि होडीवाल्यालाही त्यात गैर काही वाटत नाही.