वाचनालय, ई-रीडर की ऑडिओबुक? सोलापुरातल्या वाचकाने काय निवडावं

‘आता पुन्हा वाचायला लागायचं’ असं मनावर घेतलेली मंडळी मला नेहमी भेटतात. कुणाला नुकतीच नोकरी लागलेली असते, कुणी निवृत्त झालेलं असतं. त्यांचा प्रश्न ठरलेला: वाचनालय लावावं, किंडलसारखं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, म्हणजे ई-रीडर, घ्यावं की मोबाईलवर ऑडिओबुकं ऐकावीत? मी तिन्ही वापरतो आणि तिन्हींनी मला भरभरून दिलंय. तरी सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सोलापुरात राहत असाल आणि एकाच ठिकाणी पैसे घालायचे असतील, तर वाचनालय. दिवसभर हात कामात आणि डोळे थकलेले असतील, तर ऑडिओ. ई-रीडर तिसऱ्या क्रमांकावर, पण काही लोकांसाठी मात्र तोच पहिला.

वाचनालयाची बाजू मी एवढी का धरतो, ते सांगतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेक वेळा हजार-अकराशे प्रतींची निघते. ती संपली की पुनर्मुद्रण होईलच याची खात्री नसते. चांगली चांगली पुस्तकं वीस-वीस वर्षं बाजारात मिळत नाहीत, त्यांचं ई-पुस्तक निघत नाही आणि ती कुणी ध्वनिमुद्रितही करत नाही. ती उरतात फक्त वाचनालयाच्या कपाटात. मी एकदा एक जुनं प्रवासवर्णन घरी आणलं. मागच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला होता. त्यावर ऐंशीच्या दशकातले शिक्के दाटीवाटीने पडलेले, मग मोठी मोकळी जागा, आणि खाली माझी तारीख. आत कुणीतरी पेन्सिलने नद्यांच्या नावांखाली रेघा ओढल्या होत्या. हे पुस्तक मला दुसरीकडे कुठेही मिळालं नसतं.

खर्चाचं म्हणाल, तर सुरुवातीची अनामत आणि महिन्याची वर्गणी. बहुतेक ठिकाणी ही वर्गणी सिनेमाच्या एका तिकिटापेक्षा कमी असते. ती इतकी कमी राहते यामागे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार सरकारी अनुदान मिळतं. आपल्या शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, आणि पेठापेठांतून लहान वाचनालयंही आहेत. घराजवळचं निवडा. लांबचं कितीही मोठं असलं, तरी एप्रिल-मेच्या उन्हात पुस्तक बदलायला पाय निघत नाही आणि वर्गणी फुकट जाते.

वाचनालयाचा आणखी एक फायदा दिवाळीनंतर कळतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला ही सवय लागली. आता एकेक अंक तीन-चारशे रुपयांच्या घरात जातो, दहा अंक विकत घेणं कुणाला परवडणार? वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत थोडी जादा रक्कम भरली, की पुढचे काही महिने एकामागून एक अंक घरी येत राहतात. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी सभासद राहीन. उणीव सांगायची, तर नवं गाजणारं पुस्तक लवकर हाती लागत नाही, वेळा ठरलेल्या असतात आणि जुन्या छपाईची बारीक अक्षरं साठीनंतर त्रास देतात.

आता ऑडिओ. ‘ऐकणं म्हणजे काही वाचणं नव्हे’ असं नाक मुरडणाऱ्यांशी मी हिरिरीने भांडतो. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाने तरी असं म्हणू नये. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली ज्ञानेश्वरांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, ती सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली. नऊ हजारांहून जास्त ओव्या आधी बोलल्या गेल्या, मग कागदावर आल्या. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक होऊ शकलं. आपल्याकडे उत्तम साहित्य कानांवाटेच घरोघरी गेलं आहे.

सोलापुरात तर ऑडिओचं मोल आणखी वेगळं आहे. इथे घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारी आणि बाजारात अस्खलित मराठी बोलणारी माणसं हजारोंनी आहेत. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, माझ्या ओळखीच्या एक ताई राहतात. त्यांची शाळा तेलुगू माध्यमाची. मराठी वाचायचं म्हटलं की अक्षर अक्षर लावत जावं लागतं, त्यामुळे पुस्तकाच्या वाटेला त्या कधी गेल्याच नव्हत्या. मुलीने मोबाईलवर एक मराठी कादंबरी लावून दिली. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं आपोआप चाललेली, आणि शेजारी फोन भिंतीला टेकवलेला. त्या मला नायिकेच्या सासूबद्दल इतक्या तावातावाने सांगत होत्या की विड्यांचा कट्टा बांधायचा राहून गेला. केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांमध्ये एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी विड्या वळत ऐकायचं, अशी पद्धत होती. ताईंकडे पाहताना मला त्याचीच आठवण झाली. अशा वाचकाला मी वाचनालयाचा आग्रह धरणार नाही.

स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं ॲप भारतात २०१७ च्या अखेरीला आलं, त्यानंतर मराठीत ऐकण्याजोगी पुस्तकं झपाट्याने वाढली. सगळं मात्र ऐकायला जमत नाही. आत्मचरित्र, कथा, ग्रामीण बोलीतली कादंबरी ऐकायला फार छान. बोली जाणणारा निवेदक मिळाला, तर कागदावर अडखळायला लावणारे शब्द जिवंत होतात. वैचारिक लेखन, सनावळ्यांनी भरलेला इतिहास किंवा जिथे मागे जाऊन ओळ पुन्हा वाचावीशी वाटते अशी कविता, यांसाठी कागदच हवा. तीनशे पानांची कादंबरी ऐकायला साधारण दहा तास लागतात, तेव्हा महिन्याला तेवढा वेळ मिळणार असेल तरच पैसे भरा. निवेदकाचा आवाज आवडला नाही, तर पुस्तक कितीही थोर असो, पुढे जाववत नाही. म्हणून नमुना आधी ऐकाच. यंत्रमागावर काम करणाऱ्यांना एक विनंती: मागाच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून हेडफोनचा आवाज चढवू नका, कान कायमचे बिघडतात. जेवणाच्या सुट्टीत ऐका.

ई-रीडरबद्दल थोडक्यात. मराठी ई-पुस्तकं किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मिळतात. पडद्याचं तंत्र मला मनापासून आवडतं: काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेने वरखाली होतात आणि एकदा अक्षर उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. म्हणून बॅटरी आठवडे पुरते आणि डोळ्यांना शीण कमी होतो. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये डब्यातले दिवे मालवल्यावर कुणालाही त्रास न देता वाचायचं असेल, किंवा अक्षर दुप्पट मोठं करून हवं असेल, तर याला तोड नाही. ज्यांचे डोळे अधू झालेत आणि वाचन सुटत चाललंय, त्यांनी वाचनालयाआधी ई-रीडर घ्यावा. माझ्या मते त्याचं खरं गिऱ्हाईक तेच.

बाकीच्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. यंत्रालाच दहा हजारांच्या पुढे पैसे पडतात. आणि काही जुनी मराठी ई-पुस्तकं म्हणजे छापील पानांची नुसती छायाचित्रं असतात, त्यात अक्षर मोठं होत नाही, मग ई-रीडर घेण्याचा मुख्य हेतूच फसतो. शिवाय ते पुस्तक शेजाऱ्याला वाचायला देता येत नाही, कारण आपण विकत घेतो तो केवळ वाचण्याचा परवाना. किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल, तर भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी प्रताधिकार (कॉपीराइट) संपतो, हे लक्षात ठेवा. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी मोकळं आहे. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहात अशी जुनी पुस्तकं आहेत, ई साहित्य प्रतिष्ठानही मोफत पुस्तकं देतं. गटागटांतून फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मात्र उघडू नका. हजार प्रतींच्या आवृत्तीतल्या शे-दोनशे प्रती अशा बुडाल्या, तर त्या लेखकाचं पुढचं पुस्तक छापायला प्रकाशक धजत नाही.

गाण्यांबाबतही लोक असंच विचारतात: ॲप की रेडिओ? ॲपवर हवं ते गाणं हव्या वेळी लागतं, त्याची सोय मी नाकारत नाही. पण जुन्या भावगीतांखाली तिथे बऱ्याचदा फक्त गायकाचं नाव असतं. आकाशवाणीवर निवेदक गीतकार आणि संगीतकार दोघांची नावं सांगतो, आणि त्या नावांचा माग काढत मी कितीतरी कवितासंग्रहांपर्यंत पोहोचलो. ज्यांना गाण्यातून कवितेकडे जायचंय, त्यांनी सकाळी अर्धा तास सोलापूर केंद्र लावावं.

घरात शाळेत जाणारी मुलं असतील, तर मी दुसरा विचारच करणार नाही, सरळ वाचनालयाचं कार्ड काढा आणि बाल विभाग आहे का ते आधी विचारा. मुलांना कपाटासमोर मोकळं सोडा, त्यांना हवं ते उचलू द्या, न आवडलेलं दुसऱ्या दिवशी परत करू द्या. पुण्या-मुंबईला सतत ये-जा असेल, तर वाचनालयासोबत ऑडिओचं एका महिन्याचं सदस्यत्व घेऊन बघा, आणि गाडीत रेंज येते-जाते म्हणून पुस्तक घरूनच डाउनलोड करून निघा.