खारं तोंड: पेपरमिंट की गूळ-पाणी?

पहिला डाइव्ह संपवून बोटीवर चढलं, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं साधन) तोंडातून काढला की जिभेवर एक खारट-कडवट चव बसलेली असते. तिचं काय करायचं यावर बोटीवर दोन पक्ष आहेत. एक खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवणाऱ्यांचा, दुसरा गूळ-पाणीवाल्यांचा. मालवण-तारकर्लीच्या काही हंगामांत मी दोन्ही पक्षांत राहून झालोय.

त्याआधी एक सांगायला हवं. पाण्याखाली असताना सतत खारं लागत असेल, तर गोळी आणि गूळ दोन्ही बाजूला ठेवा आणि माउथपीस बघा. दातांत धरायचे रबराचे तुकडे चावून तुटलेले असतात, किंवा जिथे झिप-टायने माउथपीस आवळलेला असतो तिथे बारीक चीर गेलेली असते. उच्छ्वास बाहेर सोडणाऱ्या झडपेत वाळूचा एक कण अडकला तरी प्रत्येक श्वासाबरोबर थोडं पाणी आत येतं. मिशीवाल्यांचं वेगळंच: मास्क मिशीवर नीट बसत नाही, पाणी नाकात शिरतं आणि तिथून घशात उतरतं. ही दुरुस्तीची कामं आहेत, चवीची नव्हेत.

आता सगळं ठीक असूनही मागे राहणारी चव. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात जेवणातल्या मिठाखेरीज मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि कडवटपणा बराचसा त्यांचा. शिवाय जीभ मिठाला सरावली की लगेच तोंडात घेतलेलं साधं पाणीसुद्धा कडवट, किंचित आंबूस लागतं. म्हणून चार चुळा भरूनही ‘अजून गेलं नाही’ असं वाटत राहतं. मीठ गेलेलं असतं, जीभ मागे राहिलेली असते. तिला काहीतरी गोड दाखवलं की ती ताळ्यावर येते. इथपर्यंत दोन्ही पक्षांचं एकमत आहे.

पेपरमिंटच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ओल्या हातांनी कागद सोडवायची कटकट सोडली तर सुटसुटीत प्रकार. चव अर्ध्या मिनिटात जाते, लाटांवर मळमळणाऱ्याला बरं वाटतं, खिशात महिनाभर पडून राहिली तरी बिघडत नाही. पहिले दोन हंगाम मी गोळीवरच काढले आणि गोळीवाल्यांना आजही नावं ठेवत नाही.

माझं बिनसलं ते दुसऱ्या डाइव्हला. सिलिंडरमधली हवा मुद्दाम कोरडी केलेली असते, आत ओल राहिली तर गंज धरतो. ती कोरडी हवा पाऊण तास ओढली की तोंडातली ओल जाते आणि वर आल्यावर खरं तर चांगली तहान लागायला हवी. पण पेपरमिंटचा गारवा तहानेची जाणीवच दाबून टाकतो. पाणी प्यायलं तर ते दातांना बर्फासारखं लागतं, म्हणून आपण एखादा घोट घेऊन बाटली खाली ठेवतो. त्या दिवशी मी दोन गोळ्या चघळल्या, पाणी जवळजवळ प्यायलोच नाही आणि परत उडी मारली. पाच-सहा मीटरवर कान दाबले गेले. मी नाक धरून आवंढा गिळतो आणि कान मोकळे करतो, ती माझी जुनी सवय. आवंढा येईना. तोंडात साखरेचा चिकट थर, लाळेचा पत्ता नाही. दोनदा वर सरकलो, पुन्हा खाली आलो, कान तसेच. शेवटी सोबत्याला खूण करून डाइव्ह सोडला. नाक धरून फुंकर मारून कान सोडवणाऱ्यांना हा त्रास कदाचित कधीच होणार नाही, हे मान्य आहे. मला झाला, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

वर आल्यावर बोटीच्या तांडेलाने डबा पुढे केला. ‘आधी चूळ भरा, मगे गूळ.’ उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आपण जे ठेवतो तेच. गुळाचा खडा तोंडात विरघळतो आणि त्यावर पाणी आपोआप प्यायलं जातं. गूळ खाऊन पाणी न पिणारा माणूस मी पाहिलेला नाही. खरं काम त्या पाण्याचं असावं, गूळ निमित्त. गोळीवर कोणी आठवणीने तांब्याभर पाणी पीत असेल, तर त्याचं नि माझं भांडण नाही. पण अंगात पाणी कमी असणं डाइव्ह करणाऱ्याला नुसत्या चवीपुरतं महाग पडत नाही, डीकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा, धोकाही त्याने वाढतो. म्हणून जो उपाय पाणी प्यायला लावतो त्याच्याकडे माझं माप झुकतं.

गुळाची खोडही सांगतो. खाऱ्या हवेत त्याला पाझर फुटतो, मुंग्या लागतात, स्वस्त गुळात कचकच निघते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा लागतो. मधुमेह असेल तर दोन्ही सोडा आणि कोमट पाण्याच्या सावकाश चुळा भरा. कोकम सरबताची शिफारस बरेच जण करतात, पण त्यात मीठ-जिरं असतंच आणि माउथपीसने हिरडी सोलवटली असेल तर आंबट झोंबतं. ते किनाऱ्यावर, जेवणाआधी प्यावं.

एकच डाइव्ह करून परतणार असाल तर पेपरमिंट घ्या, बिनधास्त. दोन करणार असाल आणि मधल्या तासाभरात बोटीवर बसून राहायचं असेल, तर डबा न्या. मालवणला हा तास बहुतेक वेळा सिंधुदुर्ग समोर ठेवून जातो. 1664 साली पायाभरणी झालेल्या या किल्ल्यात, चहूबाजूंनी खारं पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचं पाणी गोडं आहे. मी सुपारीएवढे दोन खडे आणि लिटरभर पाणी घेऊन त्या तटाकडे बघत बसतो. गूळ पहिल्या दहा मिनिटांत संपतो, पाणी दुसऱ्या उडीच्या पंधरा मिनिटं आधी.