गुडघा बदलल्यानंतरचे सहा आठवडे: घरातलं लेथ बंद ठेवावं, चालू ठेवावं की फिटरवर सोपवावं?

तळमजल्याच्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये साडेचार फुटी लेथ (लोखंड फिरवून कातायचं मशीन), बेंच ड्रिल, सहा इंची ग्राइंडर आणि छोटा कॉम्प्रेसर. आतल्या खोलीत गुडघा बदलून घरी आलेला नवरा किंवा बायको. दोन्हीकडे रोज हात लागतो आणि हात दोनच. मुंबईत गावठाणातल्या बैठ्या घरात किंवा चाळीतल्या तळमजल्यावर ज्यांचं छोटं वर्कशॉप आहे, त्यांच्यापुढे चार वाटा असतात: मशीन पूर्ण बंद करून ठेवणं, रोज थोडा वेळ स्वतः देणं, मशीनची देखभाल करणारा फिटर बोलावणं, किंवा आजाऱ्याकडे बघायला घरात मावशी ठेवून मशीनकडे स्वतः बघणं.

आमचा कौल आधीच सांगतो. पहिले दोन आठवडे पूर्ण बंद. तिसऱ्यापासून रोज वीस मिनिटं, तीही मोटर न लावता. पैसे खर्चायचेच असतील तर फिटरआधी मावशीवर. पावसाळा असेल आणि जागा सखल असेल तर तपशील बदलतात, ते पुढे येतंच.

थांबणं कुणाला परवडतं

गुडघ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. टाके किंवा स्टेपल साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकावा आणि पाय पूर्ण सरळ व्हावा, असं फिजिओथेरपिस्ट बघतात. आत व्रणाच्या पेशी घट्ट होत असतात. या काळात व्यायाम बुडला तर गुडघा आखडतो आणि काही जणांना पुन्हा भूल देऊन तो वाकवून घ्यावा लागतो. बुडलेले आठवडे नंतर भरून काढणं फार अवघड जातं.

लेथचं तसं नाही. लोखंडाला गंज चढायला हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर लागते. मुंबईत जुलैमध्ये ती ८०च्या वर असते आणि खाऱ्या वाऱ्याने काम आणखी बिघडतं. लेथच्या उघड्या बेडवर, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर सरकतात त्या लांब लोखंडी पायावर, घामाचा हात टेकला तर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबडे दिसतात. पण तेलाचा थर नीट चढवला तर तेच बेड कित्येक महिने धक्का न लागता राहतं. म्हणून आमचा कौल गुडघ्याच्या बाजूने आहे. त्याला एक अट मात्र आहे: मशीन बंद करणं म्हणजे नुसतं बटण दाबून दार लावणं नव्हे.

पूर्ण बंद: एक दुपार, तीही ऑपरेशनच्या आधी

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया सहसा ठरवून होते, तारीख आधी कळते. त्याच्या आदल्या आठवड्यात तीन-चार तास काढा. घरी आणल्यावर तेवढा सलग वेळ मिळत नाही.

सुरुवात कुलंटपासून, म्हणजे कापताना थंडावा देणाऱ्या द्रवापासून. पाण्यात मिसळायचं सोल्युबल ऑइल टाकीत पडून राहिलं की त्यात जिवाणू वाढतात, आठवड्या-दोन आठवड्यांत सडका वास सुटतो आणि तो थेट आजाऱ्याच्या खोलीत येतो. टाकी पूर्ण उपसा, तळाचा गाळ खरवडा, टाकी पुसून कोरडी करा. मग बेडवरच्या चिप्स ब्रशने झाडा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, बारीक कीस सॅडलच्या (हत्यार धरून बेडवर सरकणाऱ्या भागाच्या) वायपरखाली घुसतो आणि नंतर बेडवर चरे पाडतो. घासलेटात भिजवलेल्या चिंधीने जुनं चिकट तेल काढा, कोरड्या कापडाने पुसा, मग तेल लावा. दोन आठवड्यांसाठी ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल पुरतं. पावसाळ्यात सहा आठवडे ठेवायचं असेल तर रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल किंवा ग्रीसचा पातळ हात द्या. डब्यातला पातळ स्प्रे मारून निश्चिंत होणारे बरेच आहेत. त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे उरणारा थर मुंबईच्या पावसाळ्याला पुरत नाही.

सॅडल आणि टेलस्टॉक (कामाचं दुसरं टोक धरणारा भाग) ज्या जागी उभे राहतात तिथे खाली ओल धरते आणि बेडवर त्यांच्या आकाराचा डाग पडतो. म्हणून दोन्ही सरकवून खालची जागाही तेलाने भिजवा आणि आठवड्यातून एकदा हाताने वीतभर पुढेमागे करा. चकचे, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या भागाचे, जबडे थोडे उघडून आत तेल सोडा. व्ही-बेल्ट सैल करा, ताणलेला बेल्ट पुलीवर एकाच जागी वाकडा बसतो आणि सुरू केल्यावर धडधडतो. कॉम्प्रेसरची हवा सोडा, टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढा आणि कॉक उघडाच ठेवा.

झाकताना आधी सुती चादर, वर ताडपत्री, आणि खालची बाजू मोकळी. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं की रात्री गार पडणाऱ्या लोखंडावर आतल्या आत दव धरतं, हे सगळ्यात जास्त दिसणारं नुकसान. जुने टर्नर झाकणाखाली ४० वॅटचा तारेचा बल्ब लावून ठेवत. लोखंड हवेपेक्षा थोडं उबदार राहिलं की दव बसत नाही, त्यामुळे युक्ती खरी आहे, पण एलईडीने ती ऊब मिळत नाही. शिवाय कापडाजवळचा पेटता बल्ब रोज कुणीतरी बघावा लागतो. घरात आजारपण असताना ते विसरलं जातं, म्हणून या काळात तो नकोच. मायक्रोमीटर, ड्रिल, टॅप यांच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

सगळ्या मशीनचे प्लग बोर्डातून काढून ठेवा. कुर्ला, सायन, हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या आसपासच्या सखल भागात वर्कशॉप असेल तर एक्स्टेंशन बोर्ड कमरेच्या वर टांगा आणि जमिनीलगतची मोटर उतरवून फळीवर ठेवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पाणी शिरत असताना वॉकरवरच्या माणसाला हलवायचं की मोटर सोडवायची, हा पेच तेव्हा पडायला नको.

रोज वीस मिनिटं: बर्फाचा वेळ तो मशीनचा वेळ

हा पर्याय जमतो तो एका साध्या जुळणीमुळे. व्यायाम झाला की पाय उंच ठेवून गुडघ्यावर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं ठेवतात. तेवढा वेळ माणूस आडवा असतो आणि त्याला उठायचं नसतं. उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नको. वाकलेला गुडघा आरामाचा वाटतो, पण पाय सरळ होणं त्यानेच मागे पडतं. पाणी, मोबाइल आणि बेल हाताशी ठेवून मग वर्कशॉपमध्ये जा.

कुठलं काम घ्यायचं, याला एकच कसोटी लावा: हाक आली तर ते आहे तसं टाकून उठता येईल का? बेड पुसणं, ऑइल कपात तेल घालणं, क्रॉस स्लाइडची जिब (सरकत्या भागाची ढिलाई काढणारी पट्टी) घट्ट करणं, बेल्टची चीर तपासणं, ड्रिल लावून ठेवणं ही कामं चालतात. हेडस्टॉक (चक ज्याला बसतो तो भाग) उघडणं, बेअरिंग ओढणं, गिअरबॉक्सचं तेल काढणं चालत नाही. ग्राइंडर, करवत आणि फिरता चक तर मुळीच नाही. हाक ऐकून मान वळते आणि अपघात त्याच क्षणी होतो. चकची चावी चकमध्ये राहते ती अशाच घाईत. तरीही मशीन लावलंच असेल तर क्रम मोडू नका: बटण बंद, चक पूर्ण थांबू द्या, चावी चकमध्ये नाही हे बघा, प्लग काढा, मग उठा. रात्री दोन-तीनदा उठावं लागलं असेल तर त्या दिवशी मोटरला हात लावायचा नाही.

कानाला मफ लावला की हाक ऐकू येत नाही. वायरलेस बेल घ्या, बटण उशीपाशी बांधा आणि रिसीव्हर दिवा लागणारा घ्या, म्हणजे आवाजातही नजरेला दिसतं.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं ती. वर्कशॉपमधलं तेल चपलांच्या तळाला लागून घरातल्या फरशीवर येतं. ते डोळ्याला दिसत नाही, पण वॉकरचे रबरी पाय त्यावरून घसरतात. नव्या गुडघ्यावर पडणं म्हणजे पुन्हा हॉस्पिटल. वर्कशॉपच्या चपला दारातच राहिल्या पाहिजेत आणि खोलीपासून बाथरूमपर्यंतचा पट्टा रोज साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा झाला पाहिजे. कपडेही बदला, बारीक कीस बाहीतून चादरीवर पडतो. हात धुताना नखांना ब्रश लावा. जखमेची पट्टी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उघडायची नसतेच, पण पाय उचलणं, औषध देणं याच हातांनी होतं. घासलेटाचं काम आजाऱ्याच्या जेवणाआधी काढू नका, वेदनाशामक गोळ्यांनी आधीच मळमळ होत असते.

फिटर की मावशी

वरवर दोन्हीकडे मजुरी द्यायची आहे, पण मिळणारी गोष्ट वेगळी. फिटर आला की तुम्हाला त्याच्यापाशी उभं राहावं लागतं: हा नट का सुटत नाही, शिम (पातळ पत्र्याची चकती) कुठे ठेवली, जुनी पुली कुठे आहे. म्हणजे पैसे देऊनही आजाऱ्याजवळचा वेळ जातोच, वर ठोकाठोकीने दुपारची झोप मोडते. पहिल्या दोन आठवड्यांत फिटर म्हणूनच बोलावू नये.

अपवाद आहे तो घरातून उचलून नेता येण्यासारख्या कामाचा. मोटर रिवाइंडिंगला द्यायची असेल, चकची दुरुस्ती असेल, तर कारागिराने ते न्यावं आणि महिन्याने आणावं. सुट्या भागांसाठी नागदेवी स्ट्रीटची फेरी म्हणजे अर्धा दिवस. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर असतो, बेल्टचा पाठीवर, उदाहरणार्थ ६२०५ किंवा बी ६२. त्याचे स्वच्छ फोटो काढून दुकानदाराला फोनवर सांगा आणि माल कुरिअरने मागवा. वॉकर, कमोड खुर्ची असं सामानही नातेवाइकांकरवी प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणवता येतं. तेही ऑपरेशनच्या आधी.

मावशीने तुमचा वेळ खरोखर मोकळा होतो, पण तिचं काम कुठपर्यंत हे तिला पाठवणाऱ्या ब्युरोशी बोलून घ्या. आधार देऊन चालवणं, आंघोळ, कमोड, जेवण ही आयाची कामं. पोटाच्या कातडीखाली द्यायचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन आणि ड्रेसिंग यांना नर्स लागते आणि तिचा दर वेगळा. पाळी १२ तासांची की २४, जेवण घरचं की त्यांचं, ब्युरोचं कमिशन कुणाकडून, हे तिन्ही आधी ठरवा. एकाच पाळीचे पैसे असतील तर ती रात्रीची घ्या, निदान पहिल्या चार-पाच रात्री. तुमची झोप झाली तर दिवसाचा व्यायाम तुम्ही नीट करून घ्याल. दिवसाची मावशी ठेवून रात्री जागणं आणि सकाळी लेथवर उभं राहणं, ही या सगळ्यातली सर्वांत धोक्याची मांडणी आहे.

फिजिओथेरपिस्ट येतो तो वेळ मशीनला देण्याचा मोह होईल. पहिल्या तीन-चार भेटींना जवळ थांबाच. दिवसातली उरलेली सत्रं तुम्हालाच करून घ्यायची असतात. व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक गोळी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे मावशीकडूनही घोकून घ्या.

आणि कुठल्याही पर्यायात काही खुणा अशा, की हातातलं सगळं टाकून उठायचं. पोटरी दुखून सुजली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छातीत दुखून धाप लागली तर वाट न बघता १०८.

मशीन ज्याचं, तोच आजारी असेल तर

मग सांभाळणाऱ्याला लेथची माहिती नसते आणि शिकवायची ही वेळही नाही. तिच्याकडून किंवा त्याच्याकडून एवढंच घ्या: प्लग काढलेले आहेत का बघणं, आठवड्यातून एकदा ताडपत्री उचलून तांबडे डाग दिसतात का पाहणं, दिसलेच तर तेलाची चिंधी फिरवणं. आजाऱ्याने वॉकर घेऊन वर्कशॉपमध्ये डोकावायचं नाही. जमिनीवर तेल आणि चिप्स असतात, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असताना छोटा कापही लवकर थांबत नाही.

पुन्हा सुरू करताना

सहा आठवड्यांनी घाईने बटण दाबू नका. मोटर लावताच ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला तर बहुतेकदा वाइंडिंगला ओल धरलेली असते. इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून घ्या, एक मेगाओमच्या खाली रीडिंग आलं तर मोटर सुकवूनच लावायची. ग्राइंडरचं चाक काढून लाकडी दांड्याने हलकं ठोका. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर टाकून द्या. चाक बसवल्यावर टूल रेस्टचं (हत्यार टेकवायच्या पट्टीचं) चाकापासूनचं अंतर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि पहिलं एक मिनिट बाजूला उभं राहून चालवा. लेथवरचा ग्रीसचा थर घासलेटाने काढून स्लाइडवे ऑइल लावा, बेल्ट ताणा, काचेतून हेडस्टॉकचं तेल पहा, चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. मग सर्वांत कमी वेगावर दहा मिनिटं रिकामं चालू ठेवा आणि बेअरिंगच्या जागी हात लावून पहा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बंद करा. फिटरला बोलावण्याची वेळ आता आहे, कारण आत्तापर्यंत आतलं माणूस काठी घेऊन स्वतः बाथरूमपर्यंत जाऊ लागलेलं असतं.