डबल प्रमोशन द्यावं का? मूल्यमापन करून घेतलं, त्याचा अनुभव

लेक साडेसात वर्षांची, दुसरीत. गोष्टींची जाड पुस्तकं वाचते, भागाकार तोंडी करते. वर्गातली गणितं उरकली की वहीच्या कोपऱ्यात चौकटी रंगवत बसायची. बाईंनीच डबल प्रमोशनचा विषय काढला आणि घरात दोन तट पडले. मी हो म्हणत होते, तिचे बाबा मुळीच तयार नव्हते. शेवटी बालमानसशास्त्रज्ञांकडून रीतसर मूल्यमापन करून घेतलं.

मॅडमनी आधी विचारलं, ‘मोठा भाऊ कितवीत?’ चौथीत. म्हणजे हिने तिसरी गाळली तरी तो एक इयत्ता पुढेच राहतो. त्या आयोवा ॲक्सिलरेशन स्केल वापरतात, म्हणजे मुलाने इयत्ता गाळावी का हे ठरवायला मदत करणारी गुणतालिका. भावंडं एकाच इयत्तेत येणार असतील, किंवा मुलाचीच इच्छा नसेल, तर बाकीचे गुण कितीही असोत, त्यात इयत्ता गाळू नये असाच सल्ला आहे. आमच्या वादात हे दोन्ही मुद्दे कधी निघालेच नव्हते.

विस्क-5 ही बुद्ध्यंक चाचणी झाली, मग तिसरीच्या वर्षअखेरीची गणितं आणि लेखन. गणितं झरझर सुटली. लिहिताना मात्र अर्ध्या पानात तिने तीनदा पेन्सिल ठेवून मनगट झटकलं. रोज अभ्यासाला शेजारी बसूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. चौथीत लांब उत्तरं लिहावी लागतात, म्हणून हाताला सवय व्हावी यासाठी रोज दहा मिनिटांचं लेखन सांगितलं.

मग आम्हाला बाहेर बसवून त्या एकट्या लेकीशी बोलल्या. ती म्हणाली, ‘मला जायचंय, पण मधल्या सुट्टीत जुन्या मैत्रिणींशी खेळू देतील का?’ अहवालात हे वाक्य जसंच्या तसं आहे. तिचे बाबा तिथेच थांबले, पुन्हा वाचलं, आणि त्यानंतर त्यांचा सूर बदलला.

तक्रार एकच. अहवाल तीन आठवडे उशिरा आला आणि भाषा फार जड. 98 पर्सेंटाइल म्हणजे 98 टक्के नव्हे, तर त्याच वयाच्या शंभरातल्या साधारण 98 मुलांच्या वरचे गुण, हे मला फोन करून विचारावं लागलं. पहिल्या पानावर एक ओळ पुरली असती. नुसता बुद्ध्यंकाचा आकडा हवा असेल तर इतक्या बैठका लांबण वाटतील. आम्हाला त्यांचाच उपयोग झाला.

नव्या वर्षी ती चौथीत बसेल, पहिलं सत्र चाचणी म्हणून. मधल्या सुट्टीचं शाळेने कबूल केलंय.