सायकलवरचा किराणा: जळगावातली दुकानं आठ महिने वापरल्यानंतर

साखरेत किलोमागे दोन-अडीच रुपये वाचतात, जिऱ्यात साठ-सत्तर. ओझं मात्र दोन्हीचं सारखंच, एक किलो. महिन्याचं वाणसामान सायकलवर आणणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा, दुकान नंतर निवडावं. स्कूटरवाल्याला पाच किलो जास्त झाले तरी जाणवत नाही. सायकलवर ते चढाला जाणवतात, ब्रेक लावताना जाणवतात आणि मागच्या चाकाच्या तारांनाही जाणवतात. म्हणून नोव्हेंबर ते जून हे आठ महिने दाणाबाजार, कॉलनीतलं किराणा दुकान आणि हायवेकडचा मॉल या तिन्हींचे भाव एका वहीत लिहिले. दर वस्तूपुढे दोन आकडे होते: किलोचा भाव, आणि आणलेल्या किलोमागची बचत. खालचे भाव जळगावचे आहेत. धुळ्यात किंवा भुसावळला आकडे थोडे हलतील, पण रीत हीच चालेल.

दाणाबाजारातून एका फेरीत आणलेला माल बघा. तूरडाळ आणि हरभराडाळ मिळून 8 किलो, शेंगदाणे 4 किलो, सुटा चहा 1 किलो, जिरं-मोहरी-धणे मिळून 1 किलो आणि तेलाचा 5 लिटरचा जार. एकूण साडेअठरा किलो. कॉलनीतल्या दुकानाच्या तुलनेत डाळीत किलोमागे दहाच्या आसपास, शेंगदाण्यात बारा, चहात पंचेचाळीस, मसाल्यात साठ आणि तेलाच्या जारवर सत्तावीस रुपये वाचले. बेरीज 260 रुपये. तेवढ्याच वजनाची नुसती साखर आणली असती तर 46 रुपये सुटले असते. रस्ता तोच, घाम तोच. मीठ, साखर, बटाटे आणि पिठाची पाकिटं कॉलनीतूनच घ्यावीत, ही गोष्ट पहिल्या दोन महिन्यांतच स्पष्ट झाली.

जळगावात डाळीचा फायदा जास्त मिळतो, कारण दालमिल इथेच आहेत. डाळ लांबून येत नाही, भाडं चढत नाही. पण दाणाबाजारात ‘तूरडाळ द्या’ एवढंच म्हणू नका, प्रत विचारा. फटका डाळ चकचकीत दिसते आणि महाग असते. रोजच्या वरणाला तुकडा डाळ चालते, ती लवकर शिजते आणि चवीत फरक पडत नाही. फक्त तुकड्यात चुरी किती आहे ते बघा: मूठभर डाळ हातावर घेऊन फुंकर मारा. पीठ उडालं किंवा तळहात पांढरा झाला तर त्या पोत्यातली घेऊ नका. ते पीठ धुताना वाहून जातं, म्हणजे तेवढे पैसेही वाहून जातात. डाळ हाताला तेलकट लागली तर कोरडी मागा. तेल लावलेली डाळ उन्हाळ्यात डब्यात लवकर खवट होते.

सुट्या मालाचा आणखी एक फायदा कराचा आहे. 18 जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या, 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्य, डाळ आणि पिठावर 5 टक्के जीएसटी आहे. पोत्यातून काढून तोलून दिलेल्यावर नाही. बाजारात 26 किलोचे तांदळाचे कट्टे का दिसतात, त्याचंही उत्तर यात आहे. सायकलवाल्याला 26 किलोचा कट्टा उपयोगाचा नाही, सुटे दहा किलो घ्यावेत.

सुटा माल घेताना काटा तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. पाण्याची सीलबंद एक लिटरची बाटली काट्यावर ठेवा. साधारण 1.02 ते 1.03 किलो दिसायला हवं. 1.10 दाखवत असेल तर काटा जास्त दाखवतो, म्हणजे माल कमी मिळतो. माल तोलण्याआधी रिकामी पिशवी ठेवून शून्य करून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापन विभागाकडून दर 12 महिन्यांनी व्हावी लागते, आणि प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असतं. ते दिसत नसेल तर विचारायला लाजू नका. चांगला दुकानदार उलट स्वतःहून दाखवतो.

आता तेल. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते आणि सायकलवर सगळ्यात जास्त त्रासही हेच देतं. सोयाबीन तेलाचा एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. पत्र्याचा ‘15 किलो’चा डबा आणि प्लास्टिकचा ‘15 लिटर’चा जार शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात, पण जारमध्ये तेल 13 किलो 650 ग्रॅमच असतं. उदाहरणार्थ, डबा 2250 ला आणि जार 2100 ला असेल तर जार स्वस्त वाटतो. किलोचा हिशेब केला तर डबा 150 ने पडतो, जार जवळपास 154 ने. पाऊच घेताना तर चष्मा लावूनच वाचा. लिटरच्या पाऊचसारखी दिसणारी 750, 800, 850 ग्रॅमची पाऊचं एकाच फळीवर असतात. 750 ग्रॅमचं पाऊच 120 ला म्हणजे किलोला 160 पडले. पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव बारीक अक्षरात छापलेला असतो, तुलना त्याच आकड्याने करावी.

पंधरा किलोचा डबा सायकलवर आणू नये. डब्यासकट वजन सोळा किलोच्या आसपास जातं, ते सगळं कॅरिअरच्या वर उंच बसतं आणि आतलं तेल हिंदकळतं. वळणावर सायकल आधी वळते आणि तेलाचा धक्का मागून येतो. पाच लिटरचे दोन जार, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, हे कितीतरी सुरक्षित. एकच जार घेतला तर दुसऱ्या बाजूला साडेचार किलो डाळ ठेवून तोल साधावा. पाऊच कॅरिअरच्या पट्टीखाली दाबू नयेत. मे महिन्यात, 44-45 अंशांच्या दुपारी, पाऊच मऊ पडतं आणि शिवणीपाशी झिरपायला लागतं. तेल डाळीला लागलं की डाळ गेली. झाकणाच्या डब्यात उभं ठेवलं तर झिरपलं तरी डब्यातच राहतं.

मॉलमध्ये फायदा होतो तो छापील किमतीच्या मालावर: साबण, टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर, ब्रँडेड चहा, बिस्किटं. धान्य-डाळीत मॉल बहुतेक वेळा कॉलनीतल्या दुकानापेक्षा स्वस्त आणि दाणाबाजारापेक्षा महाग पडला. दोन महिन्यांतून एकदा जाऊन साबण-पेस्टचा साठा आणावा, एवढाच त्याचा उपयोग. दुकानात शिरायच्या आधी सायकल कुठे बांधणार ते बघा. पार्किंग स्कूटर-मोटारींसाठी आखलेलं असतं, साखळी बांधायला खांब सापडत नाही. चाकाला नुसतं कुलूप लावून सायकल सोडू नये, ती उचलून नेता येते. दीड मीटरची साखळी असेल तर कुंपणाच्या पाइपाला बांधता येते.

मॉलची खरी किंमत वाटेवर मोजावी लागते. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली या पट्ट्यात हायवेच्या कडेने लादलेली सायकल चालवणं धोक्याचं आहे. हायवेलगतच्या समांतर रस्त्यांसाठी या शहराने आंदोलनं उगाच केलेली नाहीत. ट्रक जवळून गेला की वाऱ्याचा झोत रिकाम्या सायकलला हलवतो, वीस किलो लादलेलीला ओढतो. आतल्या रस्त्याने दोन किलोमीटर जास्त पडले तरी आतूनच जावं. हायवे ओलांडायचा तर उतरून, सायकल हातात धरून. ज्या मॉलला पोहोचायला आतला रस्ताच नाही, तिथे पन्नास रुपयांसाठी जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

कॉलनीतलं दुकान महाग म्हणून सोडू नका. सकाळी सातला उघडतं, पाव किलोही देतं, डाळीत किडा निघाला तर बदलून देतं, आणि महिन्याची यादी दिली तर घरपोच पाठवतं. गहू-तांदूळ त्याच्याकडून घरपोच घेतले तर कॅरिअरवर एक किलोही चढत नाही. यादी देताना प्रत लिहून द्या: ‘गहू लोकवन’, ‘दादर ज्वारी’. नुसतं ज्वारी लिहिलं तर दादरऐवजी हायब्रिड येते आणि भाकरी थापताना कडा फुटायला लागल्या की मग कळतं. सुट्या गव्हात दहा किलोमागे पाव किलो खडे-काड्या निघाल्या तर भाव अडीच टक्क्यांनी वाढला असं समजावं. निवडलेला गहू दोन रुपयांनी महाग असला तरी बरेचदा तोच परवडतो.

वर्षाचे गहू भरायचे असतील तर सायकल विसरा. चार घरांनी मिळून छोटा टेम्पो करावा. रेशनचं धान्य प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो मिळतं, म्हणजे पाच जणांचे 25 किलो. त्यासाठी दोन फेऱ्या करा. दुकान बहुधा जवळच असतं.

मिरचीचं उलट आहे: वजन कमी, आकार फार. नंदुरबारकडची लाल मिरची हंगामात घेतली तर किलोमागे बचत चांगली होते, पण दोन किलो सुक्या मिरचीने अख्खी पिशवी भरते. ती सगळ्यात वर, जाड सुती पिशवीत, तोंड बांधून ठेवावी. जाळीच्या पिशवीतून आणली तर वाऱ्याने भुकटी उडून मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. शेवेचंही तसंच, शेवभाजीची जाड शेव पट्टीखाली आली की घरी चुरा पोहोचतो.

सायकल नीट नसेल तर हा सगळा हिशेब फुकट. नव्या गिअरच्या सायकलींना सीटच्या दांड्यावर चिमट्याने कसायचं जे कॅरिअर मिळतं, ते साधारण 10 किलोपुरतंच असतं. जास्त लादलं की ते फिरून एका बाजूला लटकतं. ज्याचे पाय खाली मागच्या चाकापर्यंत उतरतात असं लोखंडी कॅरिअर घ्यावं. त्यावर बहुधा 25 किलोची मर्यादा कोरलेली असते. जुन्या काळ्या सायकलीचं कॅरिअर तर थेट मागच्या एक्सलवर बसतं आणि मागच्या चाकाला 40 तारा असतात. ओझ्यासाठी तीच उत्तम. कॅरिअरच्या ढिबऱ्या हादऱ्याने सैल होतात. दहा नंबरचा पाना पिशवीत ठेवून दर चार फेऱ्यांनी कसाव्यात. मागे तार तुटली तर बहुतेक वेळा फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्राच्या बाजूची तुटते, कारण त्या बाजूच्या तारांवर ताण जास्त असतो. ती बदलायला फ्रीव्हील काढावं लागतं, म्हणून तुटण्याआधीच तारा बोटाने वाजवून बघाव्यात. ‘ठक’ असा मेला आवाज आला तर ती सैल आहे.

पिशवी म्हणून दोन्ही बाजूंना लटकणारी कॅनव्हासची जोडथैली सगळ्यात टिकली. सीट कव्हर शिवणाऱ्याकडून शिवून घ्यावी. तीन सूचना द्याव्यात: थैली मागे सरकवा म्हणजे टाचेला लागणार नाही, पायडल फिरवताना टाच आणि थैलीत चार बोटं अंतर हवं. तळाला दुहेरी कापड. आणि आतल्या बाजूला पातळ प्लायवूडची फळी, नाहीतर थैली फुगून तारांत घुसते. जड माल थैलीच्या तळाशी, एक्सलच्या रेषेत किंवा थोडा पुढे, हलका वर. कॅरिअरवर उरलेल्या जागेत सामान बांधायला जुनी ट्यूब कापून केलेला पट्टा हुकाच्या इलास्टिक दोरीपेक्षा चांगला, कारण हुक सुटून चाकात जात नाही. पट्ट्याचं टोक लोंबकळत ठेवू नका.

निघण्याआधी मागच्या चाकात हवा टायरवर छापलेल्या आकड्याच्या वरच्या टोकापर्यंत भरावी. हवा कमी आणि ओझं जास्त असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. एकच बारीक भोक असेल तर तो सराटा किंवा बाभळीचा काटा. तो टायरमधून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये. रिमवर दाबणाऱ्या रबरी ब्रेकचं ओल्या रिमवर जवळजवळ काही चालत नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर लादलेल्या सायकलवर थांबायचं अंतर दुप्पट धरून चालावं, आणि साखर-मीठ-पोहे कितीही स्वस्त असले तरी झाकणाच्या डब्याशिवाय आणू नयेत.

उन्हाळ्यात दाणाबाजाराची फेरी सकाळी दहाच्या आत आटोपावी. दुकानं उघडल्याबरोबर पोहोचलं तर गर्दी नसते, पोत्यात हात घालून माल बघता येतो, आणि हमालांच्या लोटगाड्या सुरू होण्याआधी गल्लीतून सायकल बाहेर निघते.

भाजीसाठी फुले मार्केटकडे जायला हरकत नाही, पण किराण्याच्या फेरीत भाजी मिसळू नका, दोन्हीची नासाडी होते. थंडीत भरताची हिरवी वांगी मात्र आणावीत, बामणोद-आसोद्याकडची. हाताला हलकं लागणारं वांगं घ्यावं, त्यात बिया कमी निघतात. केळी सगळ्यात शेवटी, घराजवळच्या गाडीवरून. हँडलला अडकवावी अशी ही एकच वस्तू, तीही एक डझनच. दोन किलोच्या वर हँडलवर लटकवलं की पिशवी झुलते, ब्रेकच्या मुठीत अडकते आणि सायकल आपल्या मनाने वळते.