३+२ की १५+१०? रोज एकच तास मिळत असेल तर

माझी भाची अकरावीत आहे, नाशिकलाच कॉलेज रोडला राहते. बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी आपल्या नाशिकचा आणि २०२४ च्या कॅन्डिडेट्सपर्यंत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेपर्यंत पोहोचला, याचं तिला फार अप्रूप. परवा तिने विचारलं, "मामा, क्लास सुटल्यावर तासभरच मोबाइल मिळतो. ब्लिट्झ खेळू की रॅपिड?"

आधी वेळेचा हिशेब. ब्लिट्झचे ३+२ म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटं आणि दर चालीला दोन सेकंद जास्तीचे. चाळीस चालींचा डाव धरला तर दोघांची मिळून जास्तीत जास्त पावणेनऊ मिनिटं. रॅपिडच्या १५+१० मध्ये, म्हणजे पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद, तेवढ्याच चालींना पाऊण तास लागू शकतो. म्हणजे तासाला सहा-सात ब्लिट्झ, नाहीतर एक रॅपिड आणि तो तपासायला पंधरा मिनिटं. जागतिक ब्लिट्झ आणि रॅपिड स्पर्धाही याच दोन वेळांवर खेळतात, तेव्हा यातला कुठलाच प्रकार हलका नाही.

पण दोन्हींत आपला खेळ वेगळा घडतो. ब्लिट्झमध्ये मी वर्षभर एकच हल्ला केला: पांढरा उंट सी-४ वर, घोडा जी-५ वर, दोघांची नजर एफ-७ च्या प्याद्यावर. काळा डी-५ ला प्यादं ढकलतो, आपण ते मारतो, तो घाईत घोड्याने परत मारतो. मग आपला घोडा एफ-७ वर बळी द्यायचा आणि राजाला बाहेर ओढायचं. रेटिंग चढत गेलं आणि मला वाटलं, खेळ सुधारला. रॅपिडला बसलो तर समोरच्याने मिनिटभर विचार केला आणि घोडा ए-५ ला नेऊन उंटालाच हुसकावलं. त्याचं एक प्यादं गेलं खरं, पण मोहरी भराभर बाहेर आली, आणि पुढे काय करायचं हे मला ठाऊकच नव्हतं.

हत्तींच्या अंतिम खेळातही, म्हणजे राजे, हत्ती आणि थोडी प्यादीच उरतात तेव्हाही, तेच. प्यादं कमी असलं, तरी आपला राजा समोरच्याच्या जास्तीच्या प्याद्याच्या वाटेत असेल तर आपल्याकडून तिसऱ्या आडव्या पट्टीवर हत्ती धरून बसायचं. प्यादं त्या पट्टीवर आलं की हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. ब्लिट्झमध्ये अशी बरोबरीची बाजू मी कितीदा हरलो. रॅपिडमध्ये घड्याळावर चार मिनिटं होती, तेव्हा पहिल्यांदा ती वाचवली, आणि ती आता विसरत नाही.

ब्लिट्झचा उपयोग नाही असं मुळीच नाही. नवीन ओपनिंग हाताला बसवायला, किंवा आठवडाभर पटावर लांब डाव खेळणाऱ्याला वेळेच्या ताणाची सवय व्हायला तो उत्तम. पण ज्याचा सगळा खेळ मोबाइलवरच आहे, त्याने ब्लिट्झवर भर देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रेटिंगचं एवढंच: दोन्ही प्रकारांचे आकडे वेगळे असतात, आणि दोन साइटचे तर एकमेकांशी जुळवूच नयेत. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो. संगणकाकडून डाव तपासणं तिथे मोफत आहे; मात्र आधी स्वतः चूक शोधावी, मग ते बटण दाबावं.

भाचीला सांगितलं, सोमवार ते शुक्रवार रोज एक १५+१०, हरलीस तरी लगेच दुसरा नाही. ब्लिट्झ रविवारी, माझ्याशी.