निर्णयासाठीची मौन साधना: एक परीक्षण

नोकरी बदलावी का, आलेले स्थळ स्वीकारावे का, धर्मसेवेच्या पाचारणाला होकार द्यावा का, अशा एखाद्या प्रश्नापाशी अडलेल्या ख्रिस्ती माणसांसाठी काही साधनागृहे खास मौन साधना घेतात. अशाच एका साधनेत मी नुकताच भाग घेतला. साधनागृह कॅथलिक धर्मभगिनींचे असले तरी प्रवेश सर्व पंथांच्या लोकांना आहे. मी स्वतः प्रोटेस्टंट मंडळीत वाढले आहे आणि ‘देवाची इच्छा’ हा विषय मी आजवर प्रामुख्याने उपदेशपीठावरून ऐकला आहे, हे वाचकांनी माझी मते वाचताना लक्षात ठेवावे. साधनेचे स्वरूप साधे आहे. मोबाइल कार्यालयात जमा करायचा, जेवतानाही बोलायचे नाही, दिवसातून चार वेळा नेमून दिलेल्या शास्त्रपाठावर तासभर प्रार्थना करायची आणि रोज एकदा आपल्या मार्गदर्शकाला भेटून त्या प्रार्थनेत काय घडले ते सांगायचे.

या पद्धतीचे मूळ जेझुइट संघाचा संस्थापक, स्पॅनिश संत लोयोलाचा इग्नेशियस याच्या आध्यात्मिक साधनेत आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर हा सैनिक घरी अंथरुणाला खिळला. वाचायला शौर्यकथा मिळाल्या नाहीत, म्हणून ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र वाचू लागला. दरबारातील पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्याला सुख वाटे, पण ती ओसरली की मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार मात्र संपल्यानंतरही मनात आनंद ठेवून जाई. हा फरक त्याच्या लक्षात आला आणि पुढे मान्रेसा येथील एकांतात त्याने टिपलेल्या अनुभवांतून एक पुस्तिका तयार झाली, जिला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. मूळ साधना सुमारे तीस दिवसांची आहे. मी केली ती तिची संक्षिप्त आवृत्ती असून, तिचा सगळा भर ‘निवड’ या भागावर आहे.

साधनेची सर्वांत मोलाची बाजू पहिल्याच भेटीत दिसली. माझ्या मार्गदर्शक सिस्टरांनी उत्तराकडे वळण्याआधी माझा प्रश्नच तपासायला घेतला. इग्नेशियसची अट स्पष्ट आहे: ज्या दोन गोष्टींतून निवड करायची, त्या दोन्ही मुळात चांगल्या किंवा निदान निर्दोष असल्या पाहिजेत. लाच द्यावी की नाही, हा प्रार्थनेने उलगडण्याचा प्रश्नच नव्हे. त्यावर आज्ञा आधीच दिलेली आहे. विवाहाची शपथ घेऊन झाल्यावर ‘हा जोडीदार देवाच्या इच्छेतला होता का’ असे विचारणेही या साधनेत बसत नाही. तिथे शपथेत नीट कसे जगावे एवढाच प्रश्न उरतो. प्रोटेस्टंट वाचकाला हे ओळखीचे वाटेल. प्रेषित पौल आपल्या पत्रात थेस्सलनीका येथील मंडळीला लिहितो की त्यांचे पवित्रीकरण ही देवाची इच्छा आहे, आणि करिंथ येथील विधवेला तो सांगतो की तिला हवे त्याच्याशी लग्न करण्यास ती मोकळी आहे, मात्र ते प्रभूमध्ये असावे. शास्त्र जिथे बोलले आहे तिथे आज्ञापालन आणि जिथे मोकळीक दिली आहे तिथे शहाणपण, ही विभागणी पहिल्या दिवशीच झाल्यामुळे पुष्कळ धुके निवळले. आमच्या मंडळ्यांत कित्येक तरुण कोणत्या शाखेला प्रवेश घ्यावा यासाठी उपास करतात आणि भावाशी धरलेला अबोला मात्र तसाच ठेवतात, याची मला तिथे वारंवार आठवण झाली.

माझ्यापुढचा प्रश्न दूरच्या गावी चालून आलेल्या कामाचा होता, आणि घरी आई आजारी असते. सिस्टरांनी वहीच्या एका पानाचे चार भाग करायला सांगितले: जाण्याचे लाभ, जाण्याचे तोटे, न जाण्याचे लाभ, न जाण्याचे तोटे. शेवटचे दोन भाग म्हणजे पहिल्या दोघांची उलटापालट, असे मला वाटले होते. पण तसे झाले नाही. ‘जाण्याचे तोटे’ या भागात आईची काळजी हा मुद्दा सर्वांत वर होता. ‘न जाण्याचे लाभ’ लिहिताना मात्र आईचा उल्लेख चौथ्या ओळीत आला आणि त्याच्या वर तीनदा, वेगवेगळ्या शब्दांत, सध्याच्या जागी असलेला मान आला. सिस्टरांनी पान पाहिले, त्या तीन ओळींवर बोट ठेवले आणि काहीच न बोलता वही परत दिली. पुढचा अभ्यास कल्पनेचा होता. अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला कोणता सल्ला द्याल, आणि मृत्यूच्या घटकेला मागे वळून पाहताना कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल, हे स्वतःला विचारायचे. हे दोन्ही अभ्यास मूळ पुस्तिकेतलेच आहेत आणि आजही चोख काम करतात.

मार्गदर्शकाने एका बाजूला झुकू नये, निर्मात्याला आणि त्याच्या लेकराला थेट बोलू द्यावे, हा या परंपरेतला जुना दंडक आहे. तिसऱ्या भेटीत मी कंटाळून म्हटले, “सिस्टर, तुम्हाला काय वाटतं ते एकदा सांगून टाका ना.” त्या म्हणाल्या, “काल रात्री तुम्ही जायचं ठरवलंत असं धरून प्रार्थना केलीत. संपल्यावर कसं वाटलं ते सांगितलंत. सकाळी उठल्यावर कसं वाटत होतं?” याहून अधिक त्यांनी शेवटपर्यंत दिले नाही. ‘प्रभूने मला तुमच्याविषयी दाखवले आहे’ असे म्हणून दुसऱ्याचे लग्न जुळवणारी किंवा मोडणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या संयमाची किंमत वेगळी सांगायला नको.

चिन्हांविषयीचे एका फादरांचे सायंकालीन व्याख्यानही चांगले झाले. इस्राएलचा शास्ता गिदोन याने लोकर पसरून तिच्यावर पडणाऱ्या दवावरून देवाकडे खूण मागितली, आणि ती गिदोनाची लोकर मार्गदर्शन मागण्याचा नमुना मानली जाते. पण बायबलमधील शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाचला तर लोकर पसरण्यापूर्वीच गिदोनाला आज्ञा मिळालेली होती, आणि दुसऱ्यांदा विचारताना ‘तुझा कोप माझ्यावर भडकू नये’ अशी विनवणी त्याला करावी लागली. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनी झाली, तरी पवित्र आत्म्याच्या आगमनानंतर प्रेषितांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कुठेही नाही. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीत विवाहसुद्धा चिठ्ठीने ठरत असत, आणि ती सक्ती १८१८ साली सर्वसाधारण सभासदांपुरती उठवण्यात आली. प्राचीन मंडळीचा धर्मपंडित संत ऑगस्टीन याचे उदाहरण मला विशेष भावले: ३८६ साली मिलान येथे पोथी उघडून जे वचन दिसले त्याने त्याचे आयुष्य पालटले, तरीही पुढे बिशप झाल्यावर ऐहिक कामांसाठी शुभवर्तमानाची पाने उघडून कौल लावण्याची रीत आपल्याला आवडत नाही, असे त्याने पत्रात लिहून ठेवले.

आता तक्रारी. शेवटच्या टप्प्यात निर्णय देवापुढे ठेवून त्याची ‘पुष्टी’ मागायची असते, आणि इथे साधनेचा तोल जातो. समारोपाच्या सत्रात आम्हाला जवळजवळ असे सांगण्यात आले की मनात शांती असेल तर निर्णय देवाचा. शास्त्राचा पुरावा इतका सरळ नाही. संदेष्टा योना देवाच्या आज्ञेपासून पळत असताना जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. प्रभू येशू गेथशेमाने बागेत पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी होता आणि त्याचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता. इग्नेशियस स्वतःही इतका भोळा नाही. वाईट आत्मा प्रकाशाच्या दूताचे रूप घेतो, म्हणून विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावेत, असे त्याचे नियम बजावतात. हे नियम एका छापील कागदावर आम्हाला दिले होते, पण त्यांवर जेमतेम दहा मिनिटे खर्च झाली. सगळ्यांत जास्त वेळ त्यांना मिळायला हवा होता.

दुसरी उणीव मंडळीची. साधनेत माणूस, मार्गदर्शक आणि देव एवढेच असतात. यरुशलेम येथे जमलेल्या प्रेषितांच्या व वडिलांच्या सभेने मात्र ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’ असे लिहिले, आणि त्रोवस नगरात मासेदोनियाला येण्याची विनवणी करणारा दृष्टान्त पौलाने पाहिला असला तरी त्यावरून अनुमान ‘आम्ही’ काढले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणारा लूक नोंदवतो. मौन उपासनेसाठी ओळखल्या जाणाऱ्या क्वेकर पंथाच्या लोकांत निर्णयाशी झुंजणाऱ्या व्यक्तीभोवती चारपाच जण बसून, सल्ला न देता फक्त प्रामाणिक प्रश्न विचारतात. तसे एखादे सत्र इथे सहज बसवता येईल. शिवाय मोबाइल जमा असल्यामुळे ज्या गोष्टी प्रार्थनेने नव्हे तर चौकशीने कळतात, त्या कळायला मार्ग नसतो. आईला प्रवास झेपेल का, हे डॉक्टरांना विचारायचे होते. अशा गोष्टी आधीच विचारून याव्यात, अशी सूचना माहितीपत्रकात असती तर बरे झाले असते.

बाकी व्यवस्था नेटकी आहे. खोल्या स्वच्छ, ग्रंथालय लहान, सकाळची घंटा मात्र फार लवकर.

ज्यांच्यासमोर खरोखर दोन चांगले मार्ग आहेत आणि ज्यांची माहिती गोळा करून झाली आहे, त्यांना ही साधना मी निःसंकोच सुचवीन. ज्यांनी निर्णय आधीच घेतला आहे आणि त्यावर फक्त शिक्का हवा आहे, त्यांना चार दिवसांत ती जाचक वाटू लागेल. मन खचलेल्या अवस्थेत असणाऱ्यांनी सध्या थांबावे: विषण्णतेच्या काळात आधीचा निश्चय बदलू नये असा इग्नेशियसचाच नियम आहे, आणि नैराश्याचा त्रास असेल तर आधी वैद्यकीय उपचार घ्यावेत, असे प्रवेश अर्जातही लिहिलेले आहे. नाव नोंदवताना आपला मार्गदर्शक कोण असेल आणि साधनेनंतर पुन्हा भेट मिळेल का, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. साधनेनंतरची ही भेट मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मी अंतिम निर्णय त्या भेटीनंतर, घरी आईशी व आमच्या पाळकांशी बोलून मगच घेतला.